‘वाटतं’ म्हणजे किती वाटतं? : इंग्रजीतील थिंक, बिलीव्ह, नो आणि त्यांची क्रियाविशेषणे



क्रियाविशेषण शिकवायचं म्हटलं की आपण सगळेच ‘रन फास्ट’, ‘वॉक स्लोली’, ‘ईट क्विकली’ पासून सुरुवात करतो. मुलं धावून दाखवतात, हळू चालून दाखवतात. क्रियापदाला ‘कसे?’ असा प्रश्न विचारा, उत्तर येईल ते क्रियाविशेषण, एवढं फळ्यावर लिहिलं की पाठ संपला. पण ‘थिंक’, ‘बिलीव्ह’, ‘नो’, ‘डाउट’ ही क्रियापदं आली की गाडी अडते. ‘हळू विश्वास ठेवून दाखव’ असं कुणाला सांगणार? तरी यांनाही क्रियाविशेषणं लागतात. फक्त ती ‘कसे’ यापेक्षा ‘किती’ हे जास्त सांगतात, किती खात्रीनं ते. आणि काही तर विश्वास ठेवणाऱ्याबद्दल नाही, सांगणाऱ्याबद्दलच बोलतात. पुस्तकात या भागाला दोन ओळी मिळतात. माझ्या मते पाचवीच्या मुलांना हा भाग नीट यायलाच हवा.

मी स्वतः पाचवीत एबीसीडी शिकले. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं, त्यामुळे आताच्या मुलांकडे शब्द आमच्यापेक्षा पुष्कळ असतात. मात्र वाक्य डोक्यात तयार होतं ते घरच्याच भाषेत. आमच्या मारुंजीत एका बाजूला हिंजवडीचं आयटी पार्क आणि दुसऱ्या बाजूला कासारसाईकडचा ऊस. वर्गात गावातली मुलं आहेत, मराठवाड्यातून बांधकामावर आलेल्यांची आहेत, घरी हिंदी बोलणारीही आहेत. मराठीत ‘मला वाटतं’, हिंदीत ‘मुझे लगता है’. दोन्हीकडे वाटणं आपल्याकडे चालत येतं, आपण नुसते घेणारे. इंग्रजीत मात्र ‘आय थिंक’, म्हणजे मी कर्ता, जबाबदारी माझी. मुलांना हे आधी सांगितलं की पुढचं सोपं जातं.

उदाहरणासाठी मी बिबट्या घेते. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत उसात बिबटे राहतात, माणिकडोहला त्यांचं निवारा केंद्र आहे, हे मुलांनी बातम्यांत पाहिलेलं असतं. त्यामुळे कासारसाई रस्त्याला उसात काही हललं की बिबट्याच. फळ्यावर वाक्य लिहायचं, ‘देअर इज अ लेपर्ड इन द शुगरकेन’. याच्या आधी प्रत्येकानं आपापली खात्री जोडायची.

पहिलं उत्तर हमखास येतं ते ‘आय व्हेरी बिलीव्ह’. यात मुलाचा दोष नाही. आपलं ‘खूप’ कुठेही बसतं, खूप मोठा, खूप पळाला, खूप विश्वास. इंग्रजीतलं ‘व्हेरी’ विशेषणाच्या किंवा दुसऱ्या क्रियाविशेषणाच्या आधी उभं राहतं, थेट क्रियापदाला ते चिकटत नाही. मग काय लावायचं? इथे प्रत्येक क्रियापदाच्या सोयरिकी ठरलेल्या आहेत. ‘बिलीव्ह’ला ‘फर्मली’, ‘स्ट्राँगली’, ‘सिन्सिअरली’ चालतं. ‘थिंक’ला ‘रियली’, ‘ऑनेस्टली’ शोभतं. आपल्याकडे भाषणात ‘आय स्ट्राँगली थिंक’ सर्रास ऐकू येतं, पण चांगल्या इंग्रजीच्या कानाला ते खटकतं. ‘डाउट’ला ‘सिरियसली’ लागतं. आणि ‘नो’ला ‘फर्मली’ अजिबात चालत नाही. कारण विश्वास कमीजास्त होऊ शकतो, माहिती एक तर असते किंवा नसते. तिथे ‘आय नो फॉर शुअर’ किंवा ‘आय नो व्हेरी वेल’ असं म्हणावं लागतं. मराठीतही पाहा, ‘मी ठामपणे मानते’ बरोबर, पण ‘मला ठामपणे माहीत आहे’ म्हटलं तर माणूस थांबून बघेल. ‘नक्की माहीत आहे’ म्हणतो आपण.

(जाता जाता. शेवटी ‘ली’ दिसलं की क्रियाविशेषण, हे मुलांना सरसकट सांगू नका. ‘फ्रेंडली’ हे विशेषण आहे, आणि परीक्षेत नेमकं तेच येतं.)

आता जागेचा प्रश्न. ‘आय रियली थिंक ही इज इल’ आणि ‘आय थिंक ही इज रियली इल’. पहिल्यात माझं मत पक्कं आहे, दुसऱ्यात त्याचा आजार खरा आहे, नाटक नाही. मराठीत ‘मला खरंच वाटतं, तो आजारी आहे’ आणि ‘मला वाटतं, तो खरंच आजारी आहे’ असं शेजारी लिहिलं की मुलांना फरक लगेच कळतो. नकार आला की मात्र मोठ्यांचीही फसगत होते. ‘आय डोन्ट रियली बिलीव्ह इट’ म्हणजे माझा फारसा विश्वास नाही. ‘आय रियली डोन्ट बिलीव्ह इट’ म्हणजे अजिबात विश्वास नाही. शब्द तेच, फक्त ‘रियली’ नकाराच्या पलीकडून अलीकडे आलं. आपण यासाठी ‘फारसा’ आणि ‘अजिबात’ असे दोन वेगळे शब्द वापरतो, म्हणून इंग्रजीतला हा खेळ आपल्या लक्षातच येत नाही. मी या दोन वाक्यांवर एक अख्खा तास घालवते आणि तो वाया गेला असं मला कधी वाटलं नाही.

यापुढचा गट मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ‘दे फर्मली बिलीव्ह’ यातलं ‘फर्मली’ विश्वास ठेवणाऱ्यांच्या मनातलं आहे. पण ‘दे राँगली बिलीव्ह’ यातलं ‘राँगली’ त्यांच्या मनात नाहीच. त्यांना तर आपलं बरोबरच वाटतंय. ‘राँगली’ हा सांगणाऱ्याचा शेरा आहे, विश्वास त्यांचा आणि लाल शाई आपली. म्हणून ‘ही राँगली बिलीव्हज’ चालतं, ‘आय राँगली बिलीव्हड’ही चालतं, कारण ते कालचं झालं. पण ‘आय राँगली बिलीव्ह’ असं आज, आत्ता, स्वतःबद्दल कुणी म्हणू शकत नाही. चूक आहे हे कळलं त्या क्षणी विश्वास संपलेला असतो. विटगेनस्टाईन नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. त्याच्या मृत्यूनंतर १९५३ साली आलेल्या पुस्तकात त्यानं हाच मुद्दा मांडला आहे, की ‘चुकीचा विश्वास ठेवणे’ असं एखादं क्रियापद असतंच तर त्याला वर्तमानकाळातलं ‘मी’चं रूप उपयोगाचं नसतं. पाचवीच्या मुलांना त्याचं नाव सांगायची गरज नाही. ‘मी आत्ता चुकीचं समजतोय’ हे वाक्य गंभीर चेहऱ्यानं म्हणायला लावा, वर्ग हसतो आणि मुद्दा कळतो.

‘ब्लाइंडली बिलीव्ह’ याच घरातलं. आपण त्याचं नामच करून टाकलं, अंधश्रद्धा. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला तेव्हापासून हा शब्द पुस्तकांत आणि भित्तिपत्रकांवर सारखा दिसतो. पण ‘माझी अंधश्रद्धा आहे’ असं गंभीरपणे म्हणणारा माणूस शोधून आणा. तो शब्द नेहमी दुसऱ्यासाठीच राखलेला असतो.

आणखी एक जोडी म्हणजे ‘स्ट्राँगली बिलीव्हड’ आणि ‘वाइडली बिलीव्हड’. दुसऱ्यात फक्त मोजदाद आहे. पुष्कळांचा असा समज आहे, इतकंच. समज खरा की खोटा याबद्दल ‘वाइडली’ एक अक्षर बोलत नाही.

यावर मराठीचा एक दागिना आहे, ‘म्हणे’. ‘उसात बिबट्या आला म्हणे.’ एका शब्दात सांगून टाकलं की मी पाहिलेलं नाही, ऐकलंय. इंग्रजी बोलताना यासाठी ‘अपॅरंटली’ वापरतात, वर्तमानपत्रं ‘रिपोर्टेडली’ लिहितात. मुलं भाषांतर करताना ‘म्हणे’ बिनधास्त गाळतात, आणि ऐकीव गोष्ट पाहिलेली होऊन बसते.

हे गाळणं किती महागात पडतं, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भटक्या माणसांना जमावानं मारून टाकलं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे मेसेज त्याआधी मोबाईलवर फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं पुढे पाठवलेल्या मेसेजवर ‘फॉरवर्डेड’ असं लिहायला सुरुवात केली, आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा आणली. व्याकरणाच्या नजरेनं पाहिलं तर ‘फॉरवर्डेड’ म्हणजे कंपनीनं मशीनकडून लावून घेतलेलं ‘म्हणे’. नंतर ‘फॉरवर्डेड मेनी टाइम्स’ही आलं. ते आपल्या ‘वाइडली’चं भावंड, किती वेळा फिरलं ते सांगतं, किती खरं ते नाही. पण अनेक पालक मला म्हणतात, मॅडम, इतक्या वेळा आलंय म्हणजे काहीतरी असेलच की.

मध्यंतरी आमच्या भागातल्या एका पालकांच्या ग्रुपवर असाच मेसेज आला. मोटारसायकलवरून चादरी विकणारे मुलं हेरतात, ‘पक्की खबर’, ‘१०० टक्के खरं’. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील मोटारसायकलवरून चादरीच विकतात, सोसायट्यांच्या गेटबाहेर थांबून. मेसेज आला तसे ते चार दिवस घराबाहेर पडले नाहीत. मुलानं हे मला मधल्या सुट्टीत सांगितलं, डबा खाता खाता, अगदी हळू आवाजात.

दुसऱ्या दिवशी मी तो मेसेज, चादरींचा उल्लेख काढून, फळ्यावर लिहिला. ‘पक्की’ आणि ‘१०० टक्के’ कुणाच्या मनातलं आहे? लिहिणाऱ्याच्या. त्यानं काय पाहिलं, हे कुठे लिहिलंय का? मुलांनी तीन तीनदा वाचलं. कुठेच नव्हतं. मग प्रत्येकानं एकेक इंग्रजी वाक्य करायचं ठरलं. कुणी ‘अपॅरंटली’ लावलं, कुणी ‘सम पीपल राँगली बिलीव्ह’ लिहिलं. त्यावर एका मुलीनं हात वर केला, ‘मॅडम, राँगली आहे हे आपल्याला तरी कुठे माहीत आहे? आपण पण पाहिलं नाही.’ बराच वेळ यावर वाद चालला. शेवटी ‘राँगली’ पुसून ‘विदाउट प्रूफ’ ठेवलं. ते एका शब्दाचं क्रियाविशेषण नाही, पण काम तेच करतं, म्हणून मी चालवून घेतलं.

चादरीवाल्यांच्या मुलानं वही सगळ्यात शेवटी आणून दिली. त्यात दोनच वाक्यं होती. ‘माय फादर सेल्स बेडशीट्स. पीपल इन मारुंजी नो हिम व्हेरी वेल.’