हातांची गुहा

दोस्तांनो, एक कागद घ्या. त्यावर पंजा पसरून ठेवा आणि पेन्सिलीने भोवती रेघ मारा. झालं? आता सांगा, कागदावर कुठला हात उमटला? बहुतेकांचा डावाच. पेन्सिल धरायला उजवा लागतो ना!

आता चला अर्जेंटिनात, दक्षिण अमेरिकेच्या खालच्या टोकाकडच्या पॅटागोनियात. झाडं इथे नावालाच, वारा मात्र उभं राहू देत नाही. पिंतुरास नदीच्या खोल दरीत एक गुहा आहे, 'कुएवा दे लास मानोस', म्हणजेच हातांची गुहा. भिंतीवर नुसते हातच हात! लाल, काळे, पिवळे, पांढरे, एकावर एक उमटलेले. एका हाताला तर चक्क सहा बोटं आहेत. सर्वांत जुने हात सुमारे ९ हजार वर्षांपूर्वीचे. ग्वानाको नावाच्या, बिनवशिंडाच्या उंटासारख्या प्राण्याची शिकार करणारी माणसं ती. भिंतीवर पंजा टेकायचा आणि हाडाच्या पोकळ नळीतून त्यावर रंग फुंकायचा. हात काढला की तेवढी जागा कोरी. मोजदादीत डावे हात भरले ८२९ आणि उजवे अवघे ३१. नळी कुठल्या हातात होती, ते सांगायला नकोच.

गंमत पुढेच आहे. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर असाच एक हात आहे, किमान ३९ हजार वर्षांपूर्वीचा! फ्रान्समधल्या गार्गास गुहेत तर दोनशेहून अधिक हात आहेत. मध्ये अफाट समुद्र आणि हजारो वर्षं. मग कुणी कुणाला शिकवलं?

कार्ल युंग (१८७५-१९६१) या स्विस मनोवैद्यांचं म्हणणं असं, की साऱ्या माणसांच्या मनाच्या तळाशी एक सामाईक थर असतो. आपल्याला त्याचा पत्ताही नसतो, पण जगभरच्या गोष्टी, स्वप्नं, चिन्हं तिथूनच वर येतात. विहिरी वेगवेगळ्या, खालचा झरा एकच, असं समजा. सगळ्या शास्त्रज्ञांना हे पटत नाही. हात तर प्रत्येकाला असतो, मग त्याचा ठसा उमटवायचं सुचायला झरा कशाला हवा? मलाही हे पटतं, बरं का.

पण गार्गासमध्ये एक अगदी चिमुकला हात आहे. एवढ्या लहान बाळाला काही हात स्थिर ठेवता येत नाही. कुणीतरी मोठ्या माणसाने त्याचं मनगट धरून ठेवलं असावं, असं अभ्यासकांना वाटतं.

तुम्ही पाटीवर पहिला 'श्री' गिरवलात, तेव्हा तुमचा हात कुणी धरला होता? घरी विचारून बघा.