भिंतीवरचा खराटा

आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चित्रांचे प्रदर्शन लागते. प्रदर्शन हा शब्द तसा मोठा झाला. प्लायवूडचे तीन तक्ते, त्यावर खिळे, खिळ्यांना टांगलेली दहा-बारा चित्रे आणि दाराशी चहाचे पातेले. एवढेच. अट एकच, चित्रे काढणारा आमच्याच वस्तीत राहणारा हवा. चित्रे महिनाभर राहतात, मग दुसऱ्याची पाळी.

आम्ही म्हणजे विहाराच्या महिला मंडळातल्या बायका. आमच्यात कुणी धुणीभांडी करते, कुणी पोळ्या लाटून देते, कुणी सफाई खात्यात आहे. चित्रातले आम्हाला काही कळत नाही. सतरंज्या घालणे, चहा करणे आणि घरामागे दहा रुपये वर्गणी गोळा करणे हे आमचे काम. तरीही या प्रदर्शनावरून आमच्यात जो वाद झाला तो सांगावासा वाटतो. कारण तो वाद विहारातला कमी आणि आपल्या घराघरातला जास्त आहे.

सुरुवात झाली ती पेंटरकाकांपासून. काकांनी सारे आयुष्य दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांचे नंबर रंगवले. जयंतीला बाबासाहेबांचे मोठे चित्र त्यांच्याच हातचे. पुढे फ्लेक्स आले आणि काकांचे ब्रश डब्यात गेले. वस्तीतली एक मुलगी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकते. ती त्यांना म्हणाली, "काका, तुमची चित्रे विहारात लावू या."

काका हसले. "माझी कसली चित्रे? मी पाट्यावाला."

पण पलंगाखालच्या ट्रंकेतून चित्रे निघाली. गावचा ओढा, जात्यावर बसलेली आई, महारवाड्यातली विहीर. काकू बघतच राहिल्या. "एवढे सगळे कधी काढले हो?"

"तू झोपल्यावर," काका म्हणाले.

त्या रविवारी बुद्धवंदना झाल्यावर चित्रे लागली आणि सारी वस्ती लोटली. मग काय, दर महिन्याला कोण ना कोण तयार होऊ लागले. रिक्षा चालवणारा एक भाऊ पेन्सिलीने माणसांचे चेहरे काढतो, हे आम्हाला तेव्हाच कळले. एका आजीच्या गोधड्या लागल्या, त्यांनाही आम्ही चित्रेच म्हटले.

पाचव्या-सहाव्या महिन्यात आमच्या मंडळातल्या एका बाईच्या मुलाची पाळी आली. त्याने आईचे चित्र काढले होते. पहाटेची वेळ, हजेरी चौकी, अंगात खात्याचा गणवेश, हातात उंच खराटा. चेहरा दमलेला.

विहाराचे एक जुने उपासक आहेत, आम्ही त्यांना बाबा म्हणतो. ते चित्रासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "हे काढा. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी सांगितले, मेलेली ढोरे ओढू नका, घाणीतली कामे सोडा. ते ऐकून आमच्या बापाने गावकी सोडली, उपाशी राहिला. आणि आज तुम्ही भगवान बुद्धांच्या मूर्तीसमोर खराटा लावता?"

खरे सांगायचे तर आम्हा बहुतेक बायकांना बाबांचेच पटले. आम्हीच ते चित्र उतरवले. त्याचे कारण धम्म नव्हता. कारण वेगळे होते. मुलीची सोयरीक जमवताना आम्ही "आई नोकरी करते" एवढेच सांगतो. शाळेच्या फॉर्मवर मुले "सरकारी नोकरी" लिहितात. खराटा आम्ही चौकीतच ठेवून येतो आणि वस्तीत शिरण्याआधी गणवेश पिशवीत घालतो. एवढे जपून झाकलेले त्या पोराने भिंतीवर टांगले, याची आम्हाला लाज वाटली. त्याची आईही खाली मान घालून निघून गेली.

पोरगा काही बोलला नाही. पण जे. जे. मधली मुलगी गप्प बसली नाही. पुढच्या रविवारी तिने सर्वांना बसवले आणि अमेरिकेतली एक हकीकत सांगितली. अमेरिकेतल्या निग्रो बांधवांच्या लढ्याशी आपले नाते जुने आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी त्यांचे पुढारी डु बॉईस यांना पत्र लिहिले होते, आणि १९७२ साली आपल्या तरुणांनी पँथर हे नाव घेतले ते त्यांच्याकडूनच. त्यामुळे बाबाही ऐकायला बसले.

शिकागो शहराच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती. मंदीच्या काळात, १९३५ साली, तिथल्या सरकारने बेकार कलावंतांना काम देण्याची योजना काढली आणि तीतून ठिकठिकाणी कला केंद्रे उघडली. शिक्षकांचा पगार सरकारचा, पण इमारतीसाठी पैसा वस्तीने उभा करायचा होता. मार्गारेट बरोज नावाची तरुण मुलगी डबा घेऊन रस्त्याच्या कोपऱ्यावर उभी राहिली. दहा-दहा सेंटची नाणी जमवायची, मैलभर लांब रांग होईल एवढी, असा तो संकल्प. त्या चिल्लरीच्या बळावर मिशिगन अव्हेन्यूवरचा एक जुना वाडा घेतला गेला. १९४० च्या डिसेंबरात साऊथ साईड कम्युनिटी आर्ट सेंटर सुरू झाले. १९४१ च्या मे महिन्यात अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट उद्घाटनाला आल्या. गोऱ्यांच्या गॅलऱ्यांत ज्यांना जागा मिळत नव्हती त्यांची चित्रे इथे लागली. चार्ल्स व्हाईट नावाचा चित्रकार त्यातलाच. त्याची आई दुसऱ्यांच्या घरी घरकाम करायची. त्याला मिळालेली शिष्यवृत्ती, तो काळा आहे हे कळल्यावर, काढून घेतली गेली होती. १९४३ साली सरकारी योजना बंद पडली, पण वस्तीने केंद्र बंद पडू दिले नाही.

त्याच इमारतीच्या तळघरात गॉर्डन पार्क्स या तरुणाने फोटो धुण्याची अंधारखोली थाटली होती. त्याचे फोटो तिथे लागले, मग त्याला शिष्यवृत्ती मिळाली आणि तो वॉशिंग्टनला गेला. तिथे १९४२ साली त्याने सरकारी कचेरी झाडणाऱ्या एला वॉटसन या बाईचा फोटो काढला. एका हातात झाडू, बाजूला फरशी पुसायचा मॉप आणि मागे अमेरिकेचा राष्ट्रध्वज. मुलीने तो फोटो आमच्या हातात दिला. बाई सरळ समोर बघते आहे. आम्ही तो फोटो एकमेकींकडे देत राहिलो. कुणी बोलेना.

"पण तो एवढ्यावर थांबला नाही," मुलगी म्हणाली. "तो तिच्या घरी गेला. नातवंडांबरोबर, चर्चमध्ये, तिचे आणखी फोटो काढले. बाबा, काम सोडायला हवे हे खरेच आहे. पण काम सुटेपर्यंत ते करणारी बाई लपवायची का?"

बाबा म्हणाले, "मला पटत नाही."

तेवढ्यात मागे बसलेली ती मुलाची आई उठली. आम्हाला वाटले, आता रडेल. ती मुलाला म्हणाली, "लाव ते चित्र. खराटा राहू दे. त्याच खराट्यावर तुझे रंग येतात. पण एवढ्यावर थांबायचे नाही. मी काय चोवीस तास चौकीतच उभी असते का? पांढरे लुगडे नेसून पौर्णिमेला इथे वंदना घेते, ती कोण काढणार? आणि तोंड जरा नीट काढ, मी हसतेसुद्धा."

सारे हसले. बाबाही हसले, मात्र चित्राकडे पाठ करून.

चित्र पुन्हा लागले. त्याच्या शेजारी पुढच्या महिन्यात दुसरे आले, पांढऱ्या लुगड्यातले, हात जोडलेले. बाबा आजही रोज वंदनेला येतात आणि खराट्याच्या चित्राला वळसा घालून बसतात. त्यांचे आम्ही वाईट मानत नाही. त्यांच्या बापाने उपाशी राहून जे सोडले, ते त्यांना भिंतीवर बघवत नाही. पण त्यांचा सल आणि आमची लाज एक नव्हे, हे आम्हाला त्या दिवशी कळले. आमच्यातल्या दोघी-तिघी आता गणवेश घालूनच वस्तीत येतात. सगळ्या नाही. आम्ही कुणाला सांगतही नाही.

शिकागोच्या त्या केंद्रातल्या लाकडी भिंतींवर इतक्या वर्षांच्या प्रदर्शनांतल्या खिळ्यांची भोके तशीच राहिली, असे मुलीने सांगितले होते. आमच्या प्लायवूडलाही आता बरीच भोके पडली आहेत. सुतारभाऊ म्हणाले, लांबी भरून रंग मारून देतो. आम्ही नको म्हटले. चहाचे पैसे उरले तर त्यातून चौथा तक्ता आणायचा आहे. पुढच्या महिन्याची पाळी एका शाळकरी मुलीची आहे, आणि तिची चित्रे फार आहेत.