वरची ओळ

आज मी सर्व्हरचे बिघाड शोधून पोट भरतो. हे काम मला धुळ्याच्या एका निवृत्त टेलिफोन मेकॅनिकने शिकवलं. त्यांनी स्वतः आयुष्यात कधी कर्नल कंपाईल केला नव्हता.

२००४ सालचा उन्हाळा. मी जळगावात शिकत होतो. घरी ६४ एमबी मेमरीचा जुना संगणक होता, त्यावर लिनक्स. सीडीबरोबर आलेला कर्नल त्या मशीनला जड जाई, म्हणून नको ते सगळं वगळून २.४ चा कर्नल मी स्वतः बांधला. रात्री तो पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा झोपलेल्या आईला उठवून दाखवला.

पुढे मात्र तो कधी सुरू होई, कधी ‘कर्नल पॅनिक’ लिहून गोठून जाई. मी काही बदललेलं नसे. जुना कर्नल निवडला की मशीन मुकाट चालू होई. ते नीट बंद करून पुन्हा नवा निवडला की तोही चाले. तीन आठवडे मी पर्याय उलटसुलट करत राहिलो. एका कंपाईलला दोन तास लागत आणि मध्येच भारनियमन. लाईट सारखी जाते म्हणूनच मी ईएक्सटी-थ्री ही फाईलसिस्टिम घेतली होती. स्टीफन ट्वीडी यांचं हे काम २००१ च्या नोव्हेंबरात मुख्य कर्नलमध्ये आलं. करायच्या बदलांची नोंद ती आधी जर्नलमध्ये ठेवते, त्यामुळे वीज गेली तरी डिस्क लवकर सावरते.

शेवटी बाबा म्हणाले, “अण्णांकडे जा.” अण्णा त्यांचे जुने मित्र. एस.टी.ने एरंडोल, पारोळा करत धुळ्याला पोचलो. खिशात पॅनिकची ओळ उतरवलेली चिठ्ठी होती. अण्णांनी ती वाचली आणि विचारलं, “वरनी ओळ कोठे शे?”

वरची ओळ मी लिहूनच घेतली नव्हती.

त्यांनी एक वही दिली, स्वतः रकाने आखून. लाईट कधी गेली, कधी आली, तेव्हा कुठला कर्नल चालू होता, नंतर कुठला निवडला, काय झालं. “आठ दिवस काही दुरुस्त करू नको. फक्त लिही. पडद्यावरचं सगळं लिही.” हात बांधून बसण्याचे ते आठ दिवस मला कंपाईलच्या तासांपेक्षा लांब वाटले.

दुसऱ्या खेपेला सीपीयू गोणपाटात गुंडाळून मांडीवर घेऊन गेलो. अण्णा पेन्सिल घेऊन वहीसमोर बसले आणि चहा निवायच्या आत म्हणाले, “जुना चालू ऱ्हास नि लाईट जास, तवयच नवा उठत नही.” मग पॅनिकच्या वरच्या ओळीवर बोट ठेवलं. ईएक्सटी-टू, म्हणजे ईएक्सटी-थ्रीची जर्नल नसलेली आधीची पिढी, तक्रार करत होती : न पेलणाऱ्या सुविधा, आणि कंसात ४. “हा चार म्हणजे काय?”

मला माहीत नव्हतं. पण कर्नलचा सगळा सोर्स मशीनवरच होता. तिथे शोधलं तर ४ समोर ‘रिकव्हर’ लिहिलेलं : जर्नल वाचून सावरणं बाकी आहे.

मग सगळं उलगडलं. जुन्या कर्नलची कॉन्फिग मी तशीच उचलली होती. तिच्यात ईएक्सटी-टू कर्नलच्या पोटात होती, ईएक्सटी-थ्री मात्र मॉड्यूल. जुन्या कर्नलसोबत ते मॉड्यूल आधीच हाताशी देणारी इनिटआरडी असे. माझ्या कर्नलसाठी मी ती केलीच नव्हती. डिस्क उघडायला लागणारा भाग त्याच डिस्कवर पडून होता. डिस्क नीट बंद झालेली असेल तर ईएक्सटी-टू तिला आपली समजून उघडी. सावरणं बाकी असेल तर नकार देई. म्हणजे नव्या कर्नलखाली जर्नल एकदाही चाललं नव्हतं. लाईट गेल्यावर होणारी लांबलचक तपासणी मी नशिबाचा भाग समजत आलो होतो.

मेन्युकॉन्फिगमध्ये एम च्या जागी वाय केला आणि कंपाईल लावलं. काकूंनी शेवभाजी आणि कळण्याची भाकरी वाढली. जेवण होईपर्यंत अण्णा त्या विषयावर एक शब्द बोलले नाहीत. नंतर नवा कर्नल जागेवर ठेवून, बूटलोडरला तो कळावा म्हणून लिलो चालवलं.

“आता जुना चालू कर,” अण्णा म्हणाले. मशीन पूर्ण चालू झाल्यावर त्यांनी उठून भिंतीवरचं बटण बंद केलं. माझ्या पोटात गोळा आला. पुन्हा बटण लावलं, मी नवा कर्नल निवडला. जर्नल सावरल्याची ओळ आली आणि पाठोपाठ लॉगिन.

“एकदा नही,” म्हणत त्यांनी ते आणखी दोनदा करायला लावलं.

पैशांचा विषय मी काढला तेव्हा त्यांनी वही माझ्या हातात दिली. ती आजही माझ्याकडे आहे. शेवटची नोंद त्यांच्या अक्षरात आहे : लाईट मुद्दाम घालवली, तीनदा. मशीन उठलं.