इंजिन बंद!

कॉन्व्हेंटचा विद्यार्थी आहे, शुद्धलेखन सांभाळून घ्या! सुट्टीत भुसावळहून नशिराबादला घरी येत होतो. शेजारी पप्पा. पुलाच्या उतारावर पेट्रोल वाचवायला मी न्यूट्रल करून इंजिनच बंद केलं. पुढे ट्रॅक्टर. दोनदा ब्रेक लागला, तिसऱ्यांदा पेडल दगडासारखं! बूस्टरमधला व्हॅक्यूम संपलेला, स्टिअरिंगही जड. पप्पांनी हँडब्रेक ओढला, म्हणून वाचलो.

रात्री पुस्तक उघडलं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटर सोडला, की उतारावर इंजेक्टर आपोआप बंद होतात. मग मी वाचवलं काय?

पप्पा रागावले नाहीत. "फी भरतोय ना रे बाबा?" एवढंच म्हणाले. पण घर येईपर्यंत त्यांचा हात हँडब्रेकवरच होता.