पटाशीची पाठ

पटाशीला धार लावायची म्हटली की सगळ्यांचे लक्ष तिच्या तिरक्या उताराकडे जाते. मागची सपाट बाजू, म्हणजे पाठ, कुणी फारशी बघत नाही. पण उतार आणि पाठ जिथे भेटतात तीच धार. पाठ खरबरीत राहिली, तर उतार कितीही चकचकीत करा, धार खरबरीतच राहणार.

माझे आजोबा रत्नागिरीकडचे सुतार. दारे-खिडक्या, पाळणे, देवघरे करायचे. नवी पटाशी आणली की ती लगेच लाकडाला लावत नसत. आधी पडवीत बसून दगडावर तिची पाठ घासत. दगडावर पाणी सोडत राहायचे काम माझ्याकडे असे. नव्या पात्यावर कारखान्यातले ओरखडे असतात. घासता घासता आधी कडा चमकू लागत, मधला काळपट पट्टा मागे राही. आजोबा घाई करत नसत. मूठ जराही वर उचलली तर धारेपाशी पाठ गोल होते, म्हणून त्यांची दोन बोटे पात्याच्या टोकावर घट्ट दाबलेली असत. दगड मध्येच झिजून खोलगट झाला, तर आधी तो सपाट करत, मग पटाशी.

या कष्टामागचे कारण मला आयटीआयमध्ये गेल्यावर उमगले. चौकटीच्या खाचेची भिंत तासताना पटाशीची पाठ लाकडाला टेकलेली असते आणि तीच पात्याला वाट दाखवते. पाठ फुगीर असेल तर पाते डुलते, खाच तिरकी होते आणि तिच्यात बसणारे कुसू सैल राहते. किंचित पोकळ पाठ चालते, कारण टोक आणि मागचा भाग टेकलेले राहतात. जपानी सुतारांच्या पटाश्यांना तर पाठीत मुद्दाम पोकळी ठेवलेली असते, म्हणजे घासायला कठीण पोलाद कमी उरते.

पुढे मी स्वतःचे काम सुरू केले, तेव्हा दगडाच्या जागी जाड काच आली आणि तिच्यावर ओला वॉटर पेपर. आधी 220 नंबरचा, मग 400, 800 आणि शेवटी 1200. पाठीवर मार्करने रेघा मारायच्या आणि त्या कुठे पुसल्या जातात ते बघायचे. दर नंबरला घासण्याची दिशा बदलायची, म्हणजे आधीचे ओरखडे उरले असतील तर लगेच दिसतात. सगळी पाठ आरशासारखी करायची गरज नसते. धारेपासून 20-25 मिलीमीटर भाग नीट झाला की पुरे.

सागवानात सिलिका असते, त्यामुळे धार लवकर बोथट होते आणि उतार पुन्हा पुन्हा पाजळावा लागतो. पाठीचे मोठे काम मात्र एकदाच. नंतर दरवेळी ती दगडावर सपाट ठेवून, धारेवर उलटलेली लोखंडाची बारीक कोर तेवढी काढायची. पाते झिजेल तशी चकाकी हळूहळू मागे सरकत जाते. आजोबांची एक पटाशी आज माझ्याकडे आहे. झिजून आखूड झाली आहे, पण खाचेच्या भिंतीला टेकवली की अजून सरळ जाते.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांच्या हातात खाचा कोरणारा विजेचा राऊटर लवकर येतो, आणि त्याला माझी हरकत नाही. तरी त्यांच्याकडून पहिले काम मी पाठ घासण्याचेच करून घेतो. जे कुणाला दिसत नाही पण ज्यावर सगळे काम टेकते, ते नीट करायची सवय याच कामातून लागते. ती सवय पुढे रंध्याच्या पात्याला, दाराच्या बिजागरीला, गिऱ्हाइकाला दिलेल्या शब्दालाही उपयोगी पडते.

तुमच्या घरात एखादी जुनी पटाशी गंजत पडली असेल, तर भंगारात देऊ नका. गंज काढा, पाठीवर धारेजवळ खोल खड्डे नाहीत ना ते बघा आणि सुरुवात पाठीपासून करा. उतार नंतर.