विचारल्यावांचून

गाडी चालवितां येणें ही एक विद्या आहे आणि तिच्यावर मागें बसतां येणें ही दुसरी. पहिलीची परीक्षा सरकार घेतें व उत्तीर्ण होणारास परवाना देतें. दुसरीची परीक्षा कोणीच घेत नाहीं, आणि म्हणूनच कीं काय, तींत नापास झालेले लोक आम्हांला जागोजाग भेटतात. वळणावर उलट बाजूस अंग टाकणारे, चालविणाऱ्याच्या कानांत अखंड सूचना ओतणारे, ब्रेक लागण्यापूर्वींच डोळे मिटून घेणारे, हे सारे त्या विद्येचे अनुत्तीर्ण विद्यार्थी होत. आमचे वडील, ज्यांना घरांतील लहानथोर सर्व अण्णा म्हणतात, ते दोन्ही विद्यांत पारंगत आहेत, हें आम्हांला गेल्या माघ महिन्यांत भंडारदऱ्याच्या वाटेवर कळलें. त्याच दिवशीं आणखीही एक गोष्ट कळली. ती सांगण्यासाठीं हा लेख.

आमचें घराणें मूळचें अलिबागेकडचें. मासळीवांचून ज्यांचें पान सजत नाहीं अशा कुळांत आमचा जन्म झाला. परंतु अण्णांना नोकरी लागली ती पाटबंधारे खात्यांत, आणि खात्यानें त्यांना समुद्रकांठावरून उचलून सह्याद्रीच्या माथ्याशीं नेऊन ठेवलें. १९७७ सालीं त्यांची बदली भंडारदऱ्यास झाली. प्रवरा नदीवरील तेथील दगडी धरण १९२६ सालीं पुरें झालें. त्या वेळच्या मुंबईच्या गव्हर्नरांवरून त्यास विल्सन धरण असें नांव पडलें, आणि त्यामागें सांठलेल्या जलाशयास लोक आर्थर लेक म्हणूं लागले. धरणाची उंची सुमारें ८२ मीटर, आणि तळें काठोकाठ भरलें म्हणजे पाणी सुमारें ११ अब्ज घनफूट. हे आंकडे अण्णांना अजून तोंडपाठ आहेत. समुद्राची मासळी दुर्लभ झाल्यावर त्यांनीं गोड्या पाण्याशीं तह केला व रविवारीं गळ घेऊन ते तळ्याच्या कांठीं जाऊन बसूं लागले. १९७८ सालीं त्यांनीं येझदी मोटारसायकल घेतली, तेव्हांपासून त्यांच्यापुढें पेट्रोलच्या टांकीवर बसून आम्हीही जाऊं लागलों. त्या वेळीं आम्ही सात वर्षांचे होतों.

पुढें बदल्या झाल्या, निवृत्ति झाली, नाशिकास घर झालें. परंतु वर्षांतून एकदां साऱ्या कुटुंबानें भंडारदऱ्यास जाऊन गळ टाकावयाचे, हा परिपाठ मोडला नाहीं. तो मोडला चार वर्षांपूर्वीं, अण्णांच्या डोळ्यांनीं दगा दिला तेव्हां. त्यांना समोरच्या माणसाचा आकार दिसतो, चेहरा दिसत नाहीं. त्यानंतर त्यांनीं तळ्याचें नांव काढलें नाहीं व आम्हींही काढलें नाहीं. म्हणून या वर्षीं जेवतांना ते एकाएकीं म्हणाले, "यंदा मासे धरायला जाऊं," तेव्हां आम्हां सर्वांना आनंद झाला. तो त्यांच्या पुढच्या वाक्यापर्यंत टिकला. "मी येझदीवरून येईन," ते म्हणाले.

यावर घरांत जी सभा भरली तिचें इतिवृत्त देण्याचें कारण नाहीं. दादांनीं डॉक्टरांचें मत सांगितलें, वहिनींनीं रस्त्यावरील अवजड वाहनांचें वर्णन केलें, आमच्या सौभाग्यवतींनीं कांहींच न बोलतां आमच्याकडे पाहिलें. शेवटीं असा तोडगा निघाला कीं, आम्हीं येझदी पुढें न्यावी, अण्णांनीं घोटीपर्यंत इतरांबरोबर मोटारींतून यावें, आणि मुंबई-आग्रा महामार्ग सुटला म्हणजे तेथून पुढचे सुमारें ३५ किलोमीटर आमच्यामागें बसावें. अण्णांनीं हें मान्य केलें. आमच्या मनांत मात्र त्या वेळीं एक चोर बसलेला होता, आणि तो कोणाच्याही लक्षांत आला नाहीं असा आमचा समज होता.

तो चोर असा. येझदी बनविणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ सालीं बंद पडला. त्याच नांवाच्या नव्या गाड्या २०२२ पासून पुन्हां रस्त्यावर आल्या आहेत, तरी जुन्या गाड्यांवर जीव टाकणारी हौशी मंडळी निराळीच. अशाच एका तरुणाशीं आम्हीं आमच्या येझदीचा सौदा परस्पर ठरविला होता. तळ्यावरून परत आल्यानंतरच्या सोमवारीं तो पैसे देऊन गाडी नेणार होता. अण्णांना आम्हीं हें सांगितलें नव्हतें. त्यांना वाईट वाटेल म्हणून सांगितलें नाहीं, असें आम्हीं स्वतःस समजाविलें होतें. खरें कारण असें कीं, त्यांना वाईट वाटलेलें पाहण्याचें धैर्य आमच्यापाशीं नव्हतें. या दोहोंत पुष्कळ अंतर आहे, आणि तें अंतर माणूस पन्नाशी उलटल्यावरही सहसा मोजीत नाहीं.

घोटीस अण्णा मोटारींतून उतरले. शिरस्त्राणाचा पट्टा त्यांनीं स्वतःच बांधला, आमच्या खांद्यावर एक हात ठेवला आणि वयाची ८२ वर्षें जणूं त्या मोटारींतच ठेवून ते मागच्या बैठकीवर बसले. "आतां मी आणि धरण सारख्याच मापाचे," एवढेंच बोलले. ते मागें आहेत हें आम्हांला त्यांच्या हातावरून कळे, वजनावरून कळत नसे. वळण आलें कीं आमच्या आधीं त्यांचें अंग त्या बाजूस कलत असे. डोळ्यांना रस्ता दिसत नव्हता, तरी तो त्यांच्या कमरेला पाठ होता.

बारीच्या घाटांत मात्र येझदीनें धाप टाकली व ती उभी राहिली. या गाडीची एक गंमत अशी कीं, तिची किक आणि गिअरची दांडी एकच. तीच दांडी आंत दाबून उभी केली कीं गाडी सुरू करावयाची, व तीच पुन्हां पुढें पाडून गिअर टाकावयाचे. आम्हीं त्या एका दांडीशीं पंधरा मिनिटें झटापट केली. मागून येणारी मोटार थांबली, पुतण्यानें भ्रमणध्वनि काढून जवळचा मिस्त्री शोधण्यास आरंभ केला. अण्णा रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसून होते. त्यांनीं विचारलें, "पेट्रोलांत ऑइल किती घातलेंस?" आम्हीं माप सांगितलें. "दुप्पट झालें. प्लगवर काजळी धरली असेल. पाना दे."

आम्हीं पाना दिला. त्यांनीं बोटांनीं चांचपून प्लग काढला, खिशांतून पॉलिशपेपरचा तुकडा काढला (घरून निघतांना तो खिशांत घालण्याचें कारण काय, हा प्रश्न आम्हांला तेव्हां सुचला नाहीं), प्लगचें टोंक घांसलें, फुंकर मारली, दोन टोंकांमधील फट नखानें मोजली व तो पुन्हां जागच्या जागीं बसविला. "मार," ते म्हणाले. दुसऱ्या किकेला गाडी बोलूं लागली. आमची कन्या टाळ्या वाजवूं लागली. आम्ही काजळीनें काळे झालेले त्यांचे हात पाहत राहिलों आणि सोमवारची आठवण होऊन मान वळविली.

शेंडी गांव ओलांडून मुरशेताच्या वाटेनें थोडें गेलें म्हणजे तळ्याच्या कांठास एक उतरण लागते. तळ्यांत मासेमारी करणाऱ्या तेथील मंडळींना विचारून आम्हीं त्या दिवसापुरती परवानगी घेतली होती. पाणी ओसरूं लागलें होतें व कांठावर ओल्या मातीचा पट्टा उघडा पडला होता. पलीकडे रतनगड, मागें कळसूबाईची रांग. माणसाचा आवाज असा नव्हताच. कणकेच्या गोळ्या गळाला लावून सर्वांनीं गळ टाकले. इतरांच्या दोऱ्यांना मोरपिसाचे देठ बांधलेले होते. देठ बुडालें कीं मासा लागला असें समजावयाचें. अण्णांनीं देठही घेतलें नाहीं व काठीही घेतली नाहीं. पाण्यांत दोरा सोडून त्याचा एक वेढा त्यांनीं तर्जनीला घेतला आणि ते स्वस्थ बसले.

गळ टाकून बसणें हा आमच्या स्वभावाला न मानवणारा उद्योग आहे. तासाचा टोला पडला कीं विषय संपवावयाचा, ही आम्हां मास्तरांची संवय. अण्णा मात्र नातीला सांगत होते कीं, हें पाणी रंधा धबधब्यावरून उडी घेऊन अकोल्यास, संगमनेरास जातें, आणि पुढें नेवाशास. तेथें १२९० सालीं ज्ञानेश्वरी सांगितली गेली. मग प्रवरासंगमास तें गोदावरीला मिळतें, म्हणजे आपल्याच नाशिकच्या गंगेला. "म्हणजे आपण आपल्याच पाण्यांत गळ टाकलाय," कन्या म्हणाली. अण्णा हंसले. थोड्या वेळानें ती उठून चुलत भावाकडे गेली, तेव्हां अण्णा पाण्याकडे तोंड ठेवूनच म्हणाले,

"मास्तर, गिऱ्हाईक किती देतो म्हणाला?"

आमच्या हातांतील काठी खालीं गेली. "कोणीं सांगितलें तुम्हांला?"

"सांगायला कशाला हवें कोणीं? गेल्या आठवड्यांत एक पोरगा आला, गाडीभोवतीं दोनदां फिरला. टांकीवर बोटानें टिचकी मारलेली ऐकली मी. मग मला नमस्कार केला. गाय बघायला आलेला माणूस घरच्या म्हाताऱ्याला असाच नमस्कार करतो."

आम्ही बोलूं लागलों. गाडीची देखभाल, सुटे भाग मिळण्याची पंचाईत, त्यांना वाईट वाटूं नये ही आमची इच्छा, सर्व कांहीं सांगितलें. त्यांनीं सारें ऐकून घेतलें. मग म्हणाले, "बरोबर आहे. घरांत ती चालवणारें आतां कोण आहे? मला विचारलें असतेंस तर मी हो म्हटलें असतें. पण तें हो म्हणणें माझ्याकडे राहूं द्यायचें होतेंस."

एवढेंच. आवाजांत राग नव्हता, असता तर आम्हांला बरें वाटलें असतें. जॉन स्टुअर्ट मिलचा स्वातंत्र्यावरील निबंध १८५९ सालीं प्रसिद्ध झाला. गेलीं अठ्ठावीस वर्षें आम्ही तो पदवीच्या वर्गाला शिकवीत आलों आहों. एखाद्याचें भलें व्हावें एवढ्याच कारणासाठीं त्याच्या स्वतःच्या बाबतींत त्याच्यावर सक्ति करण्याचा अधिकार समाजाला पोंचत नाहीं, हें त्यांतील तत्त्व आम्हीं फळ्यावर किती वेळां लिहिलें असेल! मिलनें आपल्या सिद्धांतांतून अज्ञान मुलांना वगळलें आहे. वृद्धांना वगळल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. तें काम आम्हीं घरच्या घरीं केलें. अण्णांच्या भाजींतलें मीठ कमी झालें तें त्यांना न विचारतां. त्यांचें बँकेचें पुस्तक दादांच्या कपाटांत गेलें तें न विचारतां. भेटीला येणाऱ्या त्यांच्या मित्रांना "आज ते थकले आहेत" असें दारांतून सांगण्यांत आलें, तेंही न विचारतां. प्रत्येक वेळीं आमचा हेतु चांगला होता, आणि चांगल्या हेतूला परवानगी मागावी लागत नाहीं अशी आम्हां सर्वांची समजूत होती.

इतक्यांत अण्णांनीं तर्जनी किंचित् वर उचलली, क्षणभर थांबले, आणि दोरा हिसडला. मग हातावर हात टाकून त्यांनीं तो सावकाश ओढला, मध्येंच सैल सोडला, पुन्हां ओढला. सव्वा किलोचा रोहू कांठावर येऊन तडफडूं लागला. दिवसभरांत डोळसांपैकीं कोणाच्याही गळाला वीतभर लांबीचें कांहीं लागलें नाहीं. शेंडीस ज्या बाईंच्या घरीं जेवणाची व्यवस्था केली होती त्यांनीं तो मासा हळद, तिखट, मीठ लावून तव्यावर परतला व नागलीच्या भाकरीबरोबर वाढला. अण्णांनीं मीठ मागून घेतलें. कोणीही कांहीं बोललें नाहीं.

सोमवारीं तो तरुण आला. आम्हीं त्याला अण्णांच्या खोलींत नेलें व स्वतः बाहेर थांबलों. आंतून अण्णांचा आवाज ऐकूं येत होता: ऑइलचें माप, थंडींत चोक किती वेळ ओढावा, पावसाळ्यांत प्लग कसा जपावा. अर्ध्या तासानें ते दोघे बाहेर आले. आम्हीं ठरविलेल्या किंमतींतून अण्णांनीं तीन हजार रुपये आपण होऊन कमी केले होते, वर प्लगचा पानाही जुन्या फडक्यांत गुंडाळून दिला होता. आमच्या व्यवहारबुद्धीला हें रुचलें नाहीं. पण व्यवहार आमचा नव्हता. गाडी फाटकाबाहेर पडली. तिचा आवाज वळणापलीकडे नाहींसा होईपर्यंत अण्णा उभे होते, आणि नंतर त्यांनीं चहा मागितला.

त्यानंतर आठवड्यानें आम्ही त्यांच्या खोलीच्या दाराशीं गेलों. जिना चढण्याचा त्रास होतो, तेव्हां त्यांनीं खालच्या खोलींत यावें, असें आम्हां सर्वांचें मत पडलें होतें. पूर्वींची रीत असती तर ते फिरावयास गेले असतां त्यांचा पलंग खालीं आला असता. या वेळीं आम्हीं विचारलें. विचारतांना उत्तर काय यावें हें आमच्या मनांत अगदीं पक्कें होतें.

"नको," अण्णा म्हणाले. "वरून रस्ता ऐकूं येतो."

आम्हीं "बरें" म्हटलें. अठ्ठावीस वर्षांच्या अध्यापनांत इतका कठीण शब्द आम्हांला उच्चारावा लागला नव्हता. दुसऱ्या दिवशीं सुतार बोलावून जिन्याला दुसऱ्या बाजूनेंही कठडा बसवून घेतला. बसविण्यापूर्वीं त्याची उंची किती असावी, तें अण्णांना विचारलें.