जोडणीतलं बळ

लाकूड जुनं आणि कच्चं, धातू नवा आणि पक्का, ही वाटणी आपण फार सहज मान्य करतो. इंग्लंडच्या ‘मॉस्किटो’ विमानाने ती ऐन महायुद्धात मोडून काढली. २५ नोव्हेंबर १९४० रोजी ते हॅटफील्डहून पहिल्यांदा झेपावलं, तेव्हा विमानांचा काळ अ‍ॅल्युमिनियमचा होता. डी हॅविलँड कंपनीने मात्र बर्च, स्प्रूस आणि बाल्सा निवडलं. बाल्सा म्हणजे नखाने ओरखडा उठावा इतकं मऊ लाकूड. त्याच्या थराला दोन्हीकडून बर्चचं पातळ प्लायवूड चिकटवलं, की बाहेरचे पापुद्रे ताण आणि दाब पेलतात, आणि मधला हलका गाभा त्यांना एकमेकांपासून अंतरावर ताठ धरून ठेवतो. जाडी दुप्पट झाली की वाकण्याला होणारा विरोध कितीतरी पटींनी वाढतो, वजन मात्र थोडंच. मला या गणितात निखळ सौंदर्य दिसतं. त्या कवचावर रिव्हेटचे उंचवटे नव्हते, वाऱ्याला अडखळायला जागाच नव्हती. दोन मर्लिन इंजिनं, दोनच माणसं, आणि बॉम्बफेकी विमानात एकही बंदूक नाही. ताशी ६०० किलोमीटरपुढचा वेग हेच त्याचं चिलखत. धडाचे दोन उभे भाग साच्यांवर घडत, तारा आणि नळ्या आत बसवल्या जात, मग शेंगेच्या फाकांसारखे ते जुळवले जात. फर्निचर आणि पियानो बनवणाऱ्या कारागिरांच्या हाताला हे काम ओळखीचं होतं.

यावर सगळ्यात जड आक्षेप आपल्याच हवेने घेतला. १९४४च्या अखेरीस भारतातल्या काही मॉस्किटोंच्या पंखांची बांधणी उडता उडता निकामी झाली, माणसं गेली, विमानं जमिनीवर थांबवावी लागली. इथली उष्णता आणि दमटपणा लाकडाला सोसवत नाही, असं म्हणणं सोपं होतं. पण तपासात बोट गेलं ते सांध्यांकडे: कुठे सरस सुटलेला, कुठे मुळातली जोडणीच नीट न बसलेली. दुधातल्या केसीनचा सरस ओल धरतो. त्याच्या जागी आलेली फॉर्मल्डिहाइडची कृत्रिम राळ पाण्याला बरीच पुरून उरली. माझ्या मते ही घटना लाकडाविरुद्धचा पुरावा नाही. पदार्थाइतकंच त्याला धरून ठेवणारंही तोलून पाहावं लागतं, एवढं तिने दाखवलं, आणि त्याची किंमत भयंकर होती.

मोटारींतही हेच दिसतं. डी हॅविलँडमध्ये काम केलेल्या फ्रँक कॉस्टिनने १९५९च्या सुमारास ‘मार्कोस’ गाडीचा सांगाडा प्लायवूडचा केला, आणि ती शर्यतींत धावली. पूर्व जर्मनीत पोलादाची टंचाई, म्हणून ‘ट्राबांट’चे बाहेरचे पत्रे कापसाच्या टाकाऊ तंतूंत राळ दाबून बनवले. लोकांनी तिला पुठ्ठ्याची गाडी म्हणून हिणवलं, पण ते पत्रे गंजत नव्हते, आणि खाली सांगाडा पोलादाचाच होता. भंगारात त्यांचं करायचं काय, हा प्रश्न मात्र खरा होता.

मग इतकं गुणी लाकूड विमानांतून गेलं का? प्रत्येक फळी वेगळी निघते, कुशल हात महाग पडतात, वेग आणि उष्णता वाढत गेली. तरी ते लगेच गेलं नाही. १९४८मध्ये भारतीय हवाई दलात आलेल्या ‘व्हॅम्पायर’ या पहिल्या जेटचं मधलं धड प्लायवूड-बाल्साचंच होतं. आजही पवनचक्क्यांच्या कित्येक पात्यांत काचतंतूंच्या दोन पापुद्र्यांमध्ये बाल्सा भरतात, आणि त्यातला बराचसा इक्वेडोरमधून येतो.